पाणी किती वाव होतं?

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात एका प्रकाशकाने माझ्याकडे थोडेसे काम पाठवले. जुन्या जपानी युद्धनौकांच्या छायाचित्रांचे एक पुस्तक मराठीत यायचे होते आणि चित्रांखालच्या ओळींचे भाषांतर तेवढे मला करायचे होते. वर्षानुवर्षे यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि करारनामे जपानीतून मराठीत उतरवत बसलेल्या बाईला चित्रांखालच्या ओळी म्हणजे हातचा मळ वाटतो, आणि त्याच भरात एका चित्राखालची चार चिन्हे मी न थांबता ओलांडली. 'ताइहा चाकुतेइ.' मी लिहिले, "हवाई हल्ल्यात बुडालेली 'हारुना', कुरे, जुलै १९४५." संध्याकाळी नेहमीप्रमाणे हर्णैला मामांना फोन केला. मामांची सारी नोकरी मुंबईच्या दारूखान्यात, म्हणजे जुन्या बोटी तोडायच्या जागी, मोडीत निघालेल्या बोटींच्या हिशेबात गेली, त्यामुळे बोटीचा विषय निघाला की ऐंशीच्या घरातल्या त्या माणसाचा आवाज एकदम खणखणीत होतो. मी त्यांना चित्राचे वर्णन करून सांगितले: डेकला पाणी लागले आहे, पण मधला उंच मनोरा, धुराडी, तोफा असे सगळे उन्हात कोरडे उभे आहे आणि मागे अगदी जवळ डोंगर आहे. मामा क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, "अगो, पाणी किती वाव होतं तिथे?"

वाव हे पाण्याच्या खोलीचे जुने माप, साधारण सहा फुटांचे. तिथे किती वाव होते ते मला माहीत नव्हते. "मग बुडाली कशावरून लिहिलंस? बुडायला तेवढं पाणी लागतं. हिने नुसतं बूड टेकलंन."

फोन ठेवला तरी ते वाक्य मला ठेवता आले नाही.

मामांना जपानीचे एक अक्षर येत नाही, तरी मूळ शब्दाचा अर्थ माझ्यापेक्षा त्यांनी अचूक सांगितला होता. बोट बुडण्याला जपानीत 'चिनबोत्सु' असा निराळा शब्द आहे. 'चाकुतेइ' म्हणजे तळाला लागणे, आणि त्यातले 'चाकु' हे चिन्ह तर रेल्वेच्या वेळापत्रकात गाडी स्थानकात कधी पोहोचते ते दाखवायला वापरतात. हारुना तळाला पोहोचली होती. आपल्याकडे बूड आणि बुडणे हे शब्द इतके लगत बसतात की त्यांच्यामधली फट दिसत नाही. बँकेतले बुडीत खाते, बुडालेला धंदा, बुडालेली शाळा अशा सगळ्या प्रकारच्या नाशाला आपण एकच क्रियापद पुरवतो. पण बूड टेकणे हे थकून आलेल्या माणसाचे काम आहे. तीस वर्षे समुद्रावर काढलेल्या, दोन महायुद्धे पाहिलेल्या बोटीसाठी मी यांपैकी कोणता शब्द वापरते आहे याचा मी विचारच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या बोटीचा इतिहास शोधायला बसले, ती दोन-तीन दिवसांत संपेल या समजुतीने.

हारुना हे गुन्मा प्रांतातल्या एका डोंगराचे नाव आहे. याच नमुन्याच्या चार बोटी जपानने बांधायला काढल्या आणि चौघींना डोंगरांची नावे दिली. पहिली 'कोंगो' इंग्लंडमध्ये बॅरो इथे व्हिकर्स कंपनीच्या गोदीत बांधून घेतली, तिथे जपानी अभियंते आणि कारागीर धडे घ्यायला जाऊन राहिले, आणि उरलेल्या तिघी मायदेशात बांधल्या. 'हिएइ' योकोसुकाच्या सरकारी गोदीत झाली. 'किरिशिमा' नागासाकीला मित्सुबिशीकडे आणि 'हारुना' कोबेला कावासाकीकडे देण्यात आली. एवढी मोठी युद्धनौका खासगी गोदीला देण्याची जपानमधली ती पहिलीच वेळ होती. दोन्ही बोटींची कामे मार्च १९१२ मध्ये एका दिवसाच्या अंतराने सुरू झाली, आणि मग दोन गावांमध्ये, दोन कंपन्यांमध्ये अशी चुरस लागली की वाचतानासुद्धा दमायला होते. कावासाकीने या एका बोटीसाठी समुद्रकाठी जो अवाढव्य लोखंडी सांगाडा उभा केला, त्यावरच्या याऱ्या पुढे अर्धशतक कोबेच्या आकाशात दिसत होत्या. पुढे यंत्रांच्या चाचणीत बिघाड निघाला आणि चाचणी काही दिवस लांबली. काही दिवसच. तेवढ्यावरून कावासाकीच्या यंत्रविभागाच्या प्रमुखाने आत्महत्या केली.

शेवटी दोन्ही बोटी १९ एप्रिल १९१५ या एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या.

हे वाचून मी खुर्ची मागे सरकवली आणि उठून चहा टाकला. हारुनाने अजून एकही तोफगोळा डागला नव्हता आणि तिच्यापायी एक माणूस गेला होता. मामांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमच्याकडे तोडताना जातात, त्यांच्याकडे बांधतानाच गेला." दारूखान्यात टाकीतल्या वायूने, वरून सुटलेल्या पत्र्याने माणसे जात, त्यांची नोंद मामांच्या हिशेबाच्या वहीत नसे, आणि ही गोष्ट ते सहसा बोलून दाखवत नाहीत.

पहिल्या महायुद्धात हारुनाच्या वाट्याला फारसे काही आले नाही. मोठ्या नौकांपुरते जपानचे ते युद्ध चीनमधले जर्मनांचे त्सिंगताव बंदर पडले तेव्हाच, म्हणजे नोव्हेंबर १९१४ मध्ये, बहुतेक आटोपले होते, आणि नवी कोरी हारुना चीनच्या किनाऱ्याने गस्त घालत राहिली. युद्ध संपल्यावर मात्र, सप्टेंबर १९२० मध्ये, होक्काइदोजवळ तोफांचा सराव चालू असताना पुढच्या बुरुजातली एक तोफ मागच्या बाजूने फुटली आणि सात खलाशी मेले. शत्रूच्या हातून होईल अशी ज्याची तयारी करायची, ते आपल्याच हातून होते हा प्रकार या बोटीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो. मग दुरुस्ती, मग १९२४ ते १९२८ पहिली पुनर्बांधणी, १९३३ ते १९३५ दुसरी. तीन धुराड्यांची दोन झाली, कोळसा जाऊन तेल आले, अंगावर चिलखत चढले, मागचा भाग लांबवला, आणि मधल्या डोलकाठीवर मजल्यावर मजले चढत जाऊन देवळाच्या दीपमाळेसारखा एक मनोरा तयार झाला. आधी तिला 'बॅटलक्रूझर' म्हणत, पहिल्या पुनर्बांधणीनंतर 'बॅटलशिप' म्हणू लागले. एवढे वजन वाढूनही दुसऱ्या खेपेनंतर तिचा वेग ३० नॉट्सवर, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे गेला. या वेगामुळेच पुढच्या युद्धात विमानवाहू नौकांबरोबर धावायचे काम या चौघी म्हाताऱ्यांना मिळाले. 'यामातो'सारख्या नव्या आणि अगडबंब बोटी बराच काळ बंदरात शोभेला उभ्या असताना हारुना मात्र कामाला जुंपलेली होती. मला या गोष्टीचे उगीचच बरे वाटले, आणि बरे वाटल्याची थोडी शरमही वाटली, कारण ती जिथे कामाला जात होती तिथे माणसे मरत होती.

ही बोट कागदावर पहिल्यांदा बुडाली ती डिसेंबर १९४१ मध्ये. पर्ल हार्बरच्या हल्ल्याला तीन दिवस झाले होते आणि अमेरिकेला कसलीतरी चांगली बातमी हवी होती. १० डिसेंबरला कॉलिन केली नावाचा तरुण वैमानिक फिलिपीन्सच्या किनाऱ्यावर जपानी नौकांवर बॉम्ब टाकून परतत असताना त्याच्या विमानाला जपानी लढाऊ विमानांनी गाठले. पेटलेले विमान त्याने स्थिर धरले, सोबत्यांना हवाई छत्र्या घेऊन उड्या मारू दिल्या आणि स्वतः विमानाबरोबर गेला. एवढे सगळे खरे आहे. वर्तमानपत्रांनी त्यात भर घातली ती ही की केलीने हारुना बुडवली. हारुना तेव्हा तिथे नव्हतीच, ती शेकडो मैल दूर मलायाच्या मोहिमेवर होती. केलीचे शौर्य सोबत्यांना वाचवण्यात होते, त्याला बुडालेल्या बोटीची जोड कशाला लागावी, असे आता घरात बसून म्हणणे सोपे आहे. पुढेही ती बुडाल्याच्या बातम्या येत राहिल्या आणि ती पुन्हा कुठेतरी दिसत राहिली. माझी चित्राखालची ओळ या परंपरेतली अगदी अलीकडची, असे म्हणायला हरकत नाही.

एप्रिल १९४२ मध्ये ती आपल्या समुद्रात आली. जपानच्या विमानवाहू नौकांचा ताफा हिंदी महासागरात शिरला तेव्हा या चौघी बहिणी त्याच्या सोबतीला होत्या. ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ले झाले. त्या ९ तारखेच्या सकाळी हारुनावरून उडालेल्या छोट्या टेहळणी विमानाला श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याला बट्टिकलोआजवळ 'हर्मीस' ही ब्रिटिश विमानवाहू नौका दिसली. तिच्यावर त्या वेळी विमाने नव्हती. जपानी विमानांनी तिला थोड्या वेळात बुडवले आणि तिच्यावरची ३०७ माणसे गेली. तिथे पाणी भरपूर होते, तिथे 'बुडाली' हाच शब्द बरोबर आहे. इंग्रजांनी ते नाव टाकून दिले नाही. १९५३ साली पाण्यात उतरलेल्या दुसऱ्या एका विमानवाहू नौकेला त्यांनी 'हर्मीस' नाव दिले, आणि हीच दुसरी हर्मीस १९८७ मध्ये आपल्याकडे येऊन 'विराट' झाली. हे मी मामांना सांगितले तेव्हा फोनवर बराच वेळ काही ऐकू आले नाही. मामांनी विराटला मुंबई बंदरात किती वेळा पाहिले असेल याची गणतीच नाही. ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत तिला निरोप दिला तेव्हा ते हर्णैहून मुद्दाम गेले होते, आणि २०२० च्या सप्टेंबरात तिला ओढत अलंगला तोडायला नेले तेव्हा करोनाच्या बंदीमुळे जाता आले नाही म्हणून दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते. "म्हणजे आमच्या बोटीच्या आधीच्या बोटीला हिने दाखवून दिलंन," ते शेवटी म्हणाले. चुगली करणाऱ्या शेजाऱ्याबद्दल बोलावे तसा त्यांचा सूर होता.

पण तिच्याबद्दल माझे मन खरे बिघडले ते ऑक्टोबरात. १३ ऑक्टोबर १९४२ च्या मध्यरात्रीनंतर कोंगो आणि हारुना सोलोमन बेटांमधल्या ग्वादलकनालच्या किनाऱ्याशी आल्या आणि तिथल्या अमेरिकन विमानतळावर त्यांनी सव्वा तासाहून जास्त वेळ १४ इंची तोफा चालवल्या. एकेका गोळ्याचे वजन सहाशे किलोंच्या वर, आणि असे नऊशेहून अधिक गोळे. त्यांतले काही विमाने पाडण्यासाठी बनवलेले होते, हवेत फुटून जळते तुकडे पसरवणारे, ते त्या रात्री जमिनीवरच्या माणसांवर पडले. ४१ माणसे मेली, जवळपास निम्मी विमाने आणि बहुतेक सारे इंधन जळून गेले. चिखलाच्या खंदकात पडून तो सव्वा तास मोजणाऱ्या माणसाच्या बाजूने विचार करू लागले की मनोऱ्याचे आणि धुराड्यांचे कौतुक घशात अडकते. कोबेच्या गोदीत ज्या माणसाने चाचणी लांबली म्हणून जीव दिला, त्याने जिवाच्या कराराने जे नीट चालावे म्हणून धडपड केली होती, ते त्या रात्री फारच नीट चालले होते.

त्यानंतरचे सांगायला वेळ लागत नाही. महिन्याभरातच त्याच बेटाजवळ दोन दिवसांच्या अंतराने हिएइ आणि किरिशिमा बुडाल्या. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपीन्समधल्या लेतेच्या लढाईतून कोंगो आणि हारुना दोघी परतल्या, पण २१ नोव्हेंबरला फोर्मोसाच्या, म्हणजे आजच्या तैवानच्या, सामुद्रधुनीत एका अमेरिकन पाणबुडीने कोंगोलाही बुडवले आणि तिच्यावरची हजाराहून जास्त माणसे गेली. चौघींत एकटी हारुना राहिली. १९४५ मध्ये ती हिरोशिमाजवळच्या कुरे या नौदलाच्या बंदराच्या परिसरात आली तेव्हा जपानकडे तिला हलवायला तेल उरलेले नव्हते. एताजिमा बेटाच्या कोयो गावाशी, काठापासून थोड्याच अंतरावर, तिला बांधून ठेवले आणि तिच्यावरच्या विमानविरोधी तोफा तेवढ्या चालू ठेवल्या. ताशी ५५ किलोमीटर धावावे म्हणून दोनदा सोलून पुन्हा उभी केलेली बोट आता डोंगराकडे पाठ करून दावणीला बांधलेल्या म्हशीसारखी उभी होती. २४ जुलैला हल्ला झाला, २८ जुलैला पुन्हा झाला, आणि त्या दिवशी दुपारनंतर पाणी आत शिरत शिरत ती तळाला टेकली. या दोन हल्ल्यांत तिच्यावरची साठाहून अधिक माणसे मेली.

इतका वेळ मला वाटत होते की गोष्ट इथे संपते. २८ जुलैला हारुनावर बॉम्ब टाकायला ओकिनावाहून अमेरिकेची मोठी विमानेही आली होती. त्यांतली 'लोनसम लेडी' आणि 'तालोआ' ही दोन पाडली गेली, आणि त्यांच्यावरचे जे वाचून खाली उतरले त्यांना पकडून हिरोशिमाला नेले. लोनसम लेडीचा वैमानिक टॉमस कार्टराइट याला चौकशीसाठी पुढे तोक्योला धाडले म्हणून तो जगला. त्याचे सोबती हिरोशिमातच राहिले, आणि नवव्या दिवशी, ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठ वाजता, त्यांच्याच देशाने टाकलेला अणुबॉम्ब त्या शहरावर पडला. हिरोशिमात असे १२ अमेरिकन युद्धकैदी मेले. त्यांची नावे शोधून काढण्याचे, त्यांच्या घरच्यांना कळवण्याचे काम मोरी शिगेआकी या हिरोशिमाच्याच माणसाने अनेक वर्षे एकट्याने केले. बॉम्ब पडला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मे २०१६ मध्ये ओबामांनी हिरोशिमात ज्या वृद्ध गृहस्थांना जवळ घेतल्याचे छायाचित्र जगभर छापले गेले, ते हेच. ते चित्र मी तेव्हा पाहिले होते आणि पान उलटले होते.

नोव्हेंबरात कामासाठी ओसाकाला जायचे होते, तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढून मी कुरेला गेले. कुरेहून कोयोची फेरीबोट वीसेक मिनिटांत पोहोचते. बोटीत शाळेची मुले, सायकली, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका अशी माणसे होती, आणि बाहेर त्या उपसागरात सगळीकडे दिसणारे कालवांच्या शेतीचे बांबूचे तराफे संथ पाण्यावर तरंगत होते. चित्रातला डोंगर मी लांबूनच ओळखला. त्याच्या उतारावर संत्री पिकलेली होती. हारुनावर मेलेल्यांसाठी गावात एक स्मारकशिला आहे, तिथे कोणीतरी ठेवलेल्या पेल्यात ताजे पाणी होते. धक्क्याजवळ एक म्हातारे गृहस्थ वेताच्या टोपलीत मासेमारीचा दोर वेटोळी घालून ठेवत बसले होते. बोट कुठे होती म्हणून मी विचारले. त्यांनी समुद्राकडे बघितलेसुद्धा नाही, मान न वळवता हात मागे करून दाखवले, आणि मी विश्वास न बसून पुन्हा पाहिले, कारण ती जागा इतकी जवळ होती की तिथे उभ्या माणसाने हाक मारली तर ऐकू आली असती. त्या समुद्रात उधाणाच्या भरतीला आणि ओहोटीला तीन मीटरांहून जास्त फरक पडतो. म्हणजे जुलैच्या अखेरीपासून पुढे कित्येक महिने ते डेक दिवसातून दोनदा पाण्याखाली जात असणार आणि दोनदा वर येत असणार, आणि या गावातली माणसे ते घरातून पाहत असणार. हिरोशिमा त्या पाण्यापलीकडेच, वीसेक किलोमीटरवर आहे. ६ ऑगस्टचा तो ढगही त्यांनी इथूनच पाहिला असणार. नोव्हेंबर १९४५ मध्ये नौदलाच्या यादीतून तिचे नाव काढले, १९४६ मध्ये तिला उपसून तोडली, आणि पोलाद देशाच्या कामी आले.

तिथूनच मी मामांना फोन लावला. बोटीचा तळ एरवीच साडेनऊ मीटरच्या पुढे पाण्यात असायचा, आणि इथे पाणी त्याहून थोडेच जास्त असणार, एवढे मी त्यांना सांगितले. त्यांनी तोंडाने हिशेब केला. "म्हणजे सहा वाव, सात वाव धर. मग बूड टेकलंन तेच बरोबर. दारूखान्यात आम्ही उधाणाला बोट आत घ्यायचो आणि ओहोटीला ती चिखलात बसायची. बसली की मग कामाला लागायचे." विक्रांतही तिथेच बसली होती, २०१४ साली, तेही ते सांगणार असे मला वाटले, पण त्यांनी विषय बदलून तिकडे संत्री कशी किलो आहेत ते विचारले.

पुण्याला परतल्यावर मी ओळ बदलून पाठवली: "हवाई हल्ल्यांत जबर मोडून उथळ पाण्यात तळाला टेकलेली 'हारुना', कोयो, जुलै १९४५." संपादकांचे आभाराचे उत्तरही आले. फेब्रुवारीत पुस्तक छापून आले तेव्हा त्या चित्राखाली "'हारुना'ला जलसमाधी" असे दोन शब्द होते. जागा कमी पडली, असे मला सांगण्यात आले. एक प्रत मी हर्णैला पाठवली होती. मामांनी भिंग घेऊन चित्र नीट पाहिले असावे, कारण मागच्या डोंगरावर संत्रीच आहेत का, हे त्यांनी आधी विचारले. मग म्हणाले, "छापलंय छान. पाणी किती होतं तेवढं नाही घातलंन."